जबड्याचा सांधा दुखतोय, तरी दातांना तारा लावाव्यात का?

नीरजा_प

नमस्कार मंडळी. प्रश्न माझाच आहे, मैत्रिणीचा वगैरे नाही.

वय ३४, पुण्यात आयटीत. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत आणि वरचे दात खालच्यांना जवळजवळ पूर्ण झाकतात. शाळेत असताना तारा लावायच्या राहून गेल्या (दादाच्या लावल्या, माझी पाळी आली तेव्हा बाबांची बदली झाली), आता स्वतःच्या पैशाने लावीन म्हणते.

अडचण अशी की कॉलेजपासून जांभई देताना उजव्या कानापुढे 'कट्' असा आवाज येतो. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर मात्र सकाळी उठल्यावर कानशील ठणकतं, भाकरी चावताना गाल भरून येतो, आणि एकदोनदा तोंड अर्धंच उघडलं. जबडा जरा बाजूला सरकवला तेव्हा सुटलं. घाबरले होते. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले कान स्वच्छ आहेत, दातवाल्यांना दाखवा.

मग दोन ऑर्थोडॉन्टिस्टना (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवलं. पहिले म्हणाले, तुमचा बाईट (वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत) चुकलाय म्हणूनच सांधा दुखतोय. तारा लावा, दीड-दोन वर्षांत दातही सरळ आणि दुखणंही बंद. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, सांधा दुखत असताना मी तार लावणार नाही, आधी दुखणं शांत होऊ दे, मग बघू. दोघंही एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी), दोघांच्याही दवाखान्यात गर्दी. कुणाचं ऐकू?

तारांनी सांधा सुधारतो की बिघडतो, याचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

तिरकस_रेघ

दोन डॉक्टर, दोन मतं. तिसऱ्याकडे गेलात तर फी वाढेल. बसलोय बघत. (तुमच्यासमोर चिवडा खाणं बरं दिसणार नाही, म्हणून शिरा घेतलाय.)

खवय्या_नगरचा

ताई, डॉक्टरांचं काय ठरायचं ते ठरू दे, आजपासून खाणं बदला. मला मागे असंच झालं होतं. ज्वारीची भाकरी सुटत नव्हती म्हणून आमटीत कुस्करून खायचो. ऊस, चिक्की, डिंकाचे लाडू, चकली, सुकं खोबरं एकदम बंद. पेरू आणि सफरचंद चिरून. च्युइंग गम खात असाल तर तेही बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड फार वासत नाही. वडापावला मोठा 'आ' करायचा नाही, तोडून खायचा. हेच सगळ्यात जड गेलं.

शिवाय रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेक. हळूहळू उतरलं. अजून कट् वाजतं, पण दुखत नाही. दात होते तसेच वाकडे आहेत.

सरळमार्गी

माझा अनुभव पूर्ण उलटा. कित्येक वर्षं डोकं, मान, कानात गुंई आवाज, सगळं करून झालं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी प्लेट दिली. दिवसरात्र घालायची, जेवतानासुद्धा. दुखणं गेलं! नंतर प्लेट काढली तर मागच्या दाढा एकमेकींना टेकेनात, म्हणून तारा लावून दाढा जागेवर आणल्या. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, बायको हा धागा वाचते. पण आज मी बिनधास्त भाकरी खातो. तुमचे पहिले डॉक्टर बरोबर बोलतायत. बाईट हेच मूळ आहे. ते सोडून बाकी सगळं करत बसाल.

दंतकथा

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस करतो. धाग्यावर बसून तपासणी होत नाही, तेव्हा सर्वसाधारण लिहितो.

आधी सांध्याविषयी. कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा, खालच्या जबड्याचं टोक हलताना हाताला लागेल. हे टोक आणि वरचं हाड यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते, टोकावर टोपीसारखी बसलेली. तोंड उघडताना टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं, आणि चकती त्याच्याबरोबर सरकते. काही जणांची चकती पुढे घसरलेली असते. तोंड उघडताना टोक उडी मारून तिच्याखाली जातं, तोच तो 'कट्'. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर या आवाजावर उपचार करायचे नसतात. कितीतरी धडधाकट माणसं हा आवाज घेऊन जन्मभर जेवतात.

नीरजाताई, तुमचं अर्धं उघडून अडकणं मात्र लक्ष ठेवण्यासारखं आहे. काही वेळा चकती टोकाच्या वर परत येत नाही आणि वाट अडवून बसते. तेव्हा आवाज बंद होतो आणि तोंडही उघडत नाही. लोकांना वाटतं आवाज गेला म्हणजे बरं झालं. ढोबळ माप असं: आपलीच तीन बोटं एकावर एक उभी करून दातांच्या मध्ये जायला हवीत. मिलिमीटरमध्ये साधारण ४० ते ५५. दोनच बोटं जायला लागली तर थांबू नका.

दुसरी गोष्ट, सकाळचा ठणका. तो बहुतेकदा सांध्याचा नसून चावायच्या स्नायूंचा असतो, झोपेत दात आवळल्यामुळे. टीएमडी (जबड्याचा सांधा आणि त्याच्या स्नायूंचे विकार) या एका नावाखाली स्नायूंचं दुखणं, चकतीचं घसरणं, सांध्याचा संधिवात, असे निरनिराळे आजार येतात. तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कुणी हे वेगळं करून सांगितलं का?

आता 'बाईट हेच मूळ' याबद्दल. ही समजूत जुनी आहे. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने ११ रुग्णांवरून मांडलं की मागचे दात गेल्याने जबडा जास्त मिटतो, सांधा दाबला जातो आणि कान-डोकं दुखतं. त्याने दिलेली शरीररचनेची कारणं पुढे टिकली नाहीत, पण दातांच्या डॉक्टरांच्या मनात बाईट पक्का बसला. पुढे उलटाच आरोप सुरू झाला, की तारा लावल्यानेच सांधा बिघडतो. १९८७ मध्ये मिशिगनमधल्या ज्यूरीने एका मुलीला साडेआठ लाख डॉलर भरपाई दिली. वरच्या दोन उपदाढा काढून हेडगिअर (डोक्याला पट्टा बांधून दात मागे ओढणारं साधन) लावल्याने तिचा सांधा बिघडला, असा तिचा दावा होता. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट हादरले, त्यांच्या संघटनेने संशोधनाला पैसे दिले, आणि मग रीतसर अभ्यास आले. त्यांतून दोन्ही बाजूंची निराशा झाली. तारांमुळे टीएमडी होतं असं दिसलं नाही, आणि तारांनी ते टळतं किंवा बरं होतं असंही दिसलं नाही. २०१० मध्ये कोक्रेनने (वैद्यकीय प्रयोग गोळा करून पडताळणारी संस्था) तारांनी टीएमडी बरं होतं का यावरचे प्रयोग शोधले, तर त्यांच्या निकषांत बसणारा एकही सापडला नाही.

म्हणून पहिल्या डॉक्टरांचं 'दुखणंही बंद' हे आश्वासन मी दिलं नसतं. दात सरळ करायचे तर दातांसाठी करा. ते चांगलं कारण आहे, खालचे चढलेले दात घासता येत नाहीत आणि खोल बाईटमध्ये (वरचे दात खालच्यांना झाकतात तेव्हा) झिजतात.

आणि दुसऱ्या मॅडमनी थांबा सांगितलं त्यामागे भीती असेलच असं नाही. दुखऱ्या स्नायूंनी जबडा धरलेला असतो तेव्हा माणूस वेगळ्याच जागी चावतो. त्या दिवशीची मापं घेऊन दोन वर्षांची योजना आखली आणि तीन महिन्यांनी स्नायू सैल पडले, तर बाईट बदललेला असतो. मग योजना कशावर उभी राहणार?

तिरकस_रेघ

शिरा संपला. डॉक, 'दंतकथा' हे नाव एखाद्या ऑर्थोडॉन्टिस्टने घ्यावं याला काही सीमा?

नीरजा_प

डॉक, खूप आभार. नाही, दोघांनीही तसं वेगळं करून सांगितलं नाही. पहिल्यांनी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकच मोठा एक्स-रे) काढला आणि दातांचे साचे घेतले. मॅडमनी गाल, कानशील, मान दाबून बघितली आणि पट्टीने तोंड किती उघडतं ते मोजलं, ३८ आलं. 'दुखायला लागतं कुठे ते बोटाने दाखवा' म्हणाल्या. मी गालाचा मधला भाग दाखवला, सांध्याची जागा नाही.

ओपीजीमध्ये चकती दिसते का?

सरळमार्गी

अभ्यास, प्रयोग, कोक्रेन ठीक आहे हो. पण माझं दुखणं गेलं ना! मी खोटं बोलतोय का? एवढी वर्षं दुखणारा माणूस प्लेट घातल्यावर बरा होतो, याला तुम्ही काय म्हणणार? डॉक्टर लोकांना आपल्या अभ्यासात बसत नाही ते दिसतच नाही.

दंतकथा

नीरजाताई, ओपीजीत चकती दिसत नाही, हाडाची मोठी खोट तेवढी कळते. चकती बघायची तर एमआरआय, हाड बारकाईने बघायचं तर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे). पण तुम्ही सांगताय त्यावरून दोन्हीची घाई दिसत नाही. तोंड उघडणं कमी होत गेलं, बाईट बदलत गेला, किंवा चार-सहा आठवड्यांच्या साध्या उपचारांनी फरक पडला नाही, तर विचार करावा. एक मात्र लक्षात ठेवा: एमआरआय करायचाच असेल तर तारा लावण्याआधी करा. दातांवर चिकटवलेल्या स्टीलच्या ब्रॅकेटमुळे (तार अडकवायच्या खुंट्या) नेमकं चेहऱ्याचंच चित्र बिघडतं.

सरळमार्गी, तुम्ही खोटं बोलताय असं कोण म्हणेल? तुमचं दुखणं गेलं, आनंद आहे. पण टीएमडीचं दुखणं बहुतेकांच्यात चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे जातो ते चढलेलं असताना, आणि नंतर ते उतरतं, तेव्हा जे चालू असेल त्याला श्रेय जातं. खवय्यांचं आमटीत कुस्करलेल्या भाकरीने उतरलं. आता तुमच्या प्लेटविषयी. जबडा पुढे धरणारी प्लेट चोवीस तास घातली की दाढा उघड्या पडतात, हे तिचं माहीत असलेलं फळ आहे. मग त्या दाढा टेकवायला तारा लागतात. म्हणजे तुमच्या तारा मूळ आजारासाठी लागल्या की प्लेटसाठी? मी काही ठिकाणी बघतो, 'पहिला टप्पा प्लेट, दुसरा टप्पा तारा' असं पॅकेजच देतात. एकदा पहिल्या टप्प्यात शिरलात की दुसरा सुटत नाही. कायमचे बदल करणारे उपचार शेवटी ठेवावेत, हे मी सगळ्यांना सांगतो. नीरजाताईंनी अशा प्लेटला होकार देण्याआधी, काढल्यावर माझे दात होते तिथे परत येतील का, एवढं विचारावं.

सरळमार्गी

माझ्या प्लेटसाठी लागल्या असतील. तरी मला पश्चात्ताप नाही. एवढंच म्हणतो.

कार्डिफची_मनी

इथे लिहावंसं वाटलं कारण डॉकनी म्हटलेल्या अभ्यासांपैकी एक माझ्या गावचा, ब्रिटनमधल्या कार्डिफचा आहे. १९८१ मध्ये कार्डिफमधल्या शाळांतली ११-१२ वर्षांची हजाराहून जास्त मुलं तपासली आणि त्यांना पुढे वीसेक वर्षं गाठत राहिले. शेवटी तिशीत पोचलेले तीनशेच्या वर लोक हाती लागले (बाकीचे लग्न, नोकरी, जसे पांगतात तसे पांगले). काहींनी तारा लावल्या होत्या, काहींनी नाही. तिशीत टीएमडी कुणाला असेल हे दोनच गोष्टींवरून सांगता आलं: बाई असणं, आणि किशोरवयातच त्रास असणं. तारांचा परिणाम इकडेही नाही, तिकडेही नाही.

'बाई असणं' वाचून मी कप खाली ठेवला. उपचाराला येणाऱ्यांत बायका जास्त आणि वय साधारण विशी ते चाळिशी. कारणांबद्दल हार्मोनपासून ताणापर्यंत बरंच बोललं जातं. आमच्या आईच्या पिढीत 'कानशीलं धरली' म्हणून लवंगेचं तेल चोळून कामाला लागायच्या.

माझंही दुखत होतं. इथे मोठ्या माणसांना तारा एनएचएसवर (सरकारी आरोग्यसेवेतून) सहसा मिळत नाहीत, खासगीत जावं लागतं. मी अलाइनर (दात सरकवणारे, काढघाल करायचे पारदर्शक ट्रे) लावले. सुरुवातीच्या ट्रे बदलताना दोन-तीन दिवस दात दुखायचे आणि मी त्यांवर आणखीच चावायचे. डॉक्टरीणबाईंनी एक ट्रे जास्त दिवस घालायला सांगितला, मग निभावलं. सांधा आधी जसा होता तसाच आहे, वाजतो.

फिजिओ_मुक्ता

मी फिजिओथेरपिस्ट, ठाणे. जबड्याच्या दुखण्याला फिजिओ असतो हेच लोकांना माहीत नसतं, डॉक्टरही उशिरा पाठवतात. डिसेंबर २०२३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने टीएमडीच्या जुन्या दुखण्यासाठी (म्हणजे तीन महिन्यांहून जास्त) मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनी ठामपणे सुचवलेल्या उपचारांत वर्तनोपचार, जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, हाताने सांधा हलवणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींवर हाताने काम, देखरेखीखाली मानेचे-बसण्याचे व्यायाम हे आहे. सगळं परत फिरवता येणारं. उलट कायमचा बदल करणाऱ्या स्प्लिंटना (म्हणजे दातांवर घालायच्या प्लेटांना) आणि चकती काढायच्या शस्त्रक्रियेला ठाम नकार. बोटॉक्सलाही त्यांनी 'शक्यतो नको' म्हटलंय, आणि साध्या काढघाल करायच्या स्प्लिंटलाही. तेव्हा डॉक, स्प्लिंटबद्दल तुमचं मत ऐकायला आवडेल.

नीरजाताई, तुम्ही आयटीत आहात म्हणून विचारते. लॅपटॉपसमोर असताना आत्ता, हे वाचताना, दात टेकलेत का? विश्रांतीत ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला लागलेली हवी. दिवसभरात दात एकमेकांना टेकायचे ते खाताना आणि गिळताना, सगळी वेळ मोजली तर काही मिनिटं. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण कोड लिहिताना, गाडी चालवताना, पोरांचा गृहपाठ घेताना दात आवळून बसतात आणि दोष रात्रीला देतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात रंगीत टिकली लावा. दिसली की दात सोडायचे. एवढ्याने कितीतरी जणांचा सकाळचा ठणका कमी झालेला मी पाहिलाय.

व्यायाम बघून शिकावेत, म्हणून एकच लिहिते. जिभेचं टोक पुढच्या दातांमागे टाळूला लावून ठेवायचं आणि जीभ न सोडता जेवढं उघडेल तेवढंच तोंड हळू उघडायचं, आरशात बघत, जबडा सरळ रेषेत खाली जातोय का ते. दुखेपर्यंत ताणायचं नाही. 'तोंड उघडत नाही म्हणून चमचा घालून उघडलं' असे वीर माझ्याकडे येतात. अडकलेला सांधा घरी जोराने उघडू नका.

बोईसरकर

नवीन सदस्य आहे. माझंही तोंड दोनच बोटं उघडतं, दुखत नाही पण तिखट खाल्लं की आत आग होते. माझेही दात वाकडे आहेत. तारा लावल्या तर तोंड उघडेल का? वय २९.

दंतकथा

बोईसरकर, गुटखा, मावा, सुपारी, खर्रा यातलं काही? आग होणं आणि तोंड न उघडणं एकत्र असेल तर सांध्याआधी गालाच्या आतली बाजू बघावी लागते. सुपारीने आतलं अस्तर पांढुरकं, कडक होतं, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, पण सुपारी सुटी घेतली तरी तोंडाला तीच. तारांचा विषय बाजूला ठेवा, याच आठवड्यात तोंड तपासून घ्या. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय किंवा सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला लोकलने जाण्यासारखं आहे. आणि सुपारी असेल तर आज बंद.

बोईसरकर

हो, सुपारी आहे. जातो. थँक्यू डॉक्टर.

अनघा_कुडाळ

सगळे तारा निरुपद्रवी म्हणतायत म्हणून भाचीची गोष्ट सांगते. १७ वर्षांची. दात थोडे पुढे म्हणून तारा लावल्या, तेव्हा जबडा अधूनमधून दुखायचा. डॉक्टरांनी 'वयात असं होतं' म्हणून सोडून दिलं. तारा चालू असताना पुढच्या दातांत फट पडायला लागली. तुकडा पुढच्या दातांनी तुटेना, पोळीसुद्धा. वर्षाआधीचे फोटो काढून बघितले तर हनुवटी मागे गेलेली. डॉक्टर म्हणाले ही रबरं (वरच्या-खालच्या तारांमध्ये अडकवायची) नीट लावत नाही. पोरीला बोलणी बसली. तिने रबरं लावली, फट वाढतच गेली.

शेवटी आम्ही तिला बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात नेलं (आमच्याकडून तेच जवळ). तिथे सीबीसीटी काढला, जबड्याची दोन्ही टोकं झिजून लहान झाली होती. रक्ताच्या तपासण्या केल्या, संधिवात नाही. तारा तिथल्या तिथे थांबवल्या. आता थांबून वाट बघायची आहे, झीज थांबली हे नक्की होईपर्यंत.

मला डॉकना विचारायचंय, तारांमुळेच झिजलं ना?

दंतकथा

अनघाताई, हे वाचून वाईट वाटलं. पोरीला बोलणी बसली याचं जास्त.

याला इडिओपॅथिक कंडायलर रिसॉर्प्शन म्हणतात. मुख्यतः तरुण मुलींत होतं, टोकांचं हाड आपोआप झिजतं आणि जबडा मागे-खाली फिरतो म्हणून पुढे फट पडते. कारण पक्कं कळलेलं नाही. त्यामुळे तारांनीच झालं असं मी म्हणणार नाही, आणि तारा लावणाऱ्याला सुट्टीही देणार नाही. चालू उपचारात बाईट उघडत जातोय, हनुवटी मागे जातेय, जबडा दुखतोय, हे दिसल्यावर रबरं बंद करून सांध्याचं हाड बघायचं असतं. रबरांची ओढ शेवटी सांध्यावरच येते.

'तारा निरुपद्रवी' या वाक्याला म्हणूनच एक पुस्ती हवी. सर्वसाधारण टीएमडी तारांनी होत नाही. पण चालू झीज, सांध्याचा संधिवात (लहान मुलांतलाही), किंवा नुकताच अडकलेला सांधा, यांच्यावर तारा चढवणं धोक्याचं. झीज थांबली की नाही हे काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या सीबीसीटी, फोटो आणि साच्यांवरून, कधी बोन स्कॅनवरून ठरवतात. नंतर तारा आणि गरज पडली तर जबड्याची शस्त्रक्रिया. घाई करणारा डॉक्टर भेटला तर उठून या.

लेखापाल_नाना

अवांतर, पण पैशाचं कुणीच बोललं नाही. तारा ही बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाही, आधी पॉलिसी वाचा. पैसे हप्त्याने भरायचे असतील तर उपचार मध्ये थांबला तर काय, हे लेखी घ्या. नीरजाताईंच्या बाबतीत तर हे होऊ शकतं, सांधा भडकला की तीन महिने थांबा म्हणतील. तो काळ कुणाच्या खात्यात? आणि 'सांधाही बरा होईल' म्हणणाऱ्या डॉक्टरांना तेवढं संमतीपत्रात लिहून द्या म्हणा. लिहून देतात का बघा.

तिरकस_रेघ

नाना, टाळ्या.

नीरजा_प

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, नवऱ्यालाही वाचून दाखवले. नानांचा सल्ला पाळला. पहिल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, लिहून द्याल का. म्हणाले, असं कुणी देत नसतं.

मॅडमकडे परत गेले. त्यांनी दुखणं मुख्यतः स्नायूंचं आणि त्यासोबत घसरून परत येणारी चकती, असं कागदावर लिहून दिलं. फिजिओ सुरू केलाय. स्क्रीनवर टिकली लावलीय, आणि मुक्ता, तुम्ही म्हणता ते खरं आहे, स्टँडअप मीटिंगमध्ये मी दात कचकचून आवळते. मॅडम म्हणाल्या दोनेक महिन्यांनी परत मोजू. तोंड ४० च्या वर आणि दुखणं नावापुरतं असेल तर तारांचं बोलू.

उरलेले प्रश्न: अलाइनर बरे की तारा? खोल बाईटसाठी रबरं लागतील का? मॅडमनी रात्रीसाठी कडक स्प्लिंट दिलंय, मुक्ता म्हणते बीएमजे नको म्हणतं. आणि तारा लावल्यावर ते स्प्लिंट कसं घालायचं?

दंतकथा

आधी मुक्ताताईंचं. सूचना वाचल्या आहेत, वाद नाही. दुखणं कमी करायला स्प्लिंटचा पुरावा कमकुवत आहे हे खरं. मी ते देतो ते मुख्यतः दात झिजू नयेत म्हणून, आणि काहींना सकाळी बरं वाटतं म्हणून. एका जबड्याचे सगळे दात झाकणारं, सपाट, कडक, फक्त रात्री घालायचं असेल तर नुकसान होण्याची शक्यता कमी. फक्त पुढचे दात झाकणारी छोटी प्लेट आणि गरम पाण्यात टाकून चावायचा बाजारू रबरी गार्ड, ही दोन टाळा. पहिल्याने दाढा सरकू शकतात, दुसऱ्यावर काही जण जास्तच चावतात.

अलाइनर की तारा, हे सांध्यावरून ठरत नाही. खोल बाईट किती, दात किती फिरलेत, आणि तुम्ही दिवसाचे वीस-बावीस तास ट्रे घालाल का, यावरून ठरतं. आवळणाऱ्यांना अलाइनरचा एक फायदा, दातांवर आवरण राहतं. तोटा मनी यांनी लिहिलाच आहे. रबरं बहुधा टाळता येतील. लागलीच तर हलकी आणि थोडे दिवस, आणि दुखायला लागलं की त्या रात्रीपासून बंद करून डॉक्टरांना फोन. पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

मॅडमशी आणखी तीन गोष्टी ठरवून घ्या. भेटी छोट्या ठेवा, अर्धा तास तोंड वासून ठेवणं तुमच्या सांध्याला तारांहून वाईट. मध्ये मिटायला देणारा डॉक्टर हवा. अक्कलदाढ काढायची असेल तर तेव्हाही हेच. आणि दर भेटीला तोंड किती उघडतं ते मोजून केसपेपरवर लिहायचं. ३८ वरून सुरुवात आहे, त्याच्या खाली जायला लागलं की तार बाजूला ठेवून सांधा बघायचा.

स्प्लिंटचं असं. ते आत्ताच्या दातांच्या साच्यावर बनलंय. तारा लागल्या की ब्रॅकेटमुळे बसणार नाही, आणि दात हलले की तसंही बसणार नाही. मधल्या काळात टिकली, फिजिओ आणि शेक यावर भागवावं लागेल. तारा निघाल्यावर वरच्या दातांसाठी रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट) लागेलच, तेव्हा साधा पातळ रिटेनर न बनवता नवीन कडक स्प्लिंटच बनवून घ्या. रात्री तेच घातलं की दातही जागेवर राहतात आणि झीजही थांबते. खालच्या पुढच्या दातांमागे बारीक तार चिकटवून मिळते, ती वेगळी. जुनं स्प्लिंट 'अजून चांगलंय' म्हणून ढकलून बसवू नका. सरळ केलेले दात परत फिरतील.

नीरजा_प

स्क्रीनशॉट काढून मॅडमना पाठवला. उत्तर आलं: 'बरोबर. ह्या डॉक्टरांची प्रॅक्टिस पुण्यात नाही हे बरंय.'